जंग क्युंग-उन: लंडनची हकालपट्टी, रिओचं ब्राँझ आणि बदलत गेलेल्या पार्टनर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलगी सोळा वर्षांची, डबल्स खेळते, दोन वर्षांत तिसरी पार्टनर झालीये आणि आता अकादमीवाले परत बदला म्हणतायत. कोणीतरी तुम्हाला सांगितलं की कोरियाच्या मुली तर सारख्या पार्टनर बदलतात, त्या जंग क्युंग-उनचं करिअर बघा. तुम्ही शोधलं तर पहिलंच हे आलं की तिला २०१२ च्या ऑलिम्पिकमधून मुद्दाम हरल्याबद्दल काढलं होतं. मग हिचं उदाहरण मुलीला द्यायचं का, आणि पार्टनर बदलणं चांगलं का वाईट, असे दोन प्रश्न.

मी बावीस वर्षं डबल्स शिकवतोय, त्याआधी स्टेटपर्यंत खेळलो, तेवढ्या अनुभवावर सांगतो. उत्तर लांब होणार, चहा घेऊन बसा.

आधी नावाचं बघू, कारण आपल्याकडे कॉमेंटरी ऐकून सगळा गोंधळ होतो. कोरियात आडनाव आधी येतं, म्हणजे जंग हे आडनाव आणि क्युंग-उन हे नाव. किम आणि ली तर इतक्या आहेत की एकाच वेळी कोर्टवर दोन किम आणि समोर आणखी एक किम असं सहज होतं. २०१२ च्या भानगडीत एक हा जंग-उन पण होती, ती वेगळी. आपल्या बाईंचा जन्म मार्च १९९० चा.

आता लंडन. यावर लोक एका ओळीत निकाल देऊन मोकळे होतात, म्हणून नीट सांगतो.

२०१२ ला ऑलिम्पिक बॅडमिंटनमध्ये पहिल्यांदा ग्रुप स्टेज आणली. चार-चार जोड्यांचे चार ग्रुप, प्रत्येकातून दोन पुढे. आणि पुढचा ड्रॉ आधीच ठरलेला, म्हणजे या ग्रुपची पहिली त्या ग्रुपच्या दुसरीशी खेळणार हे सगळ्यांना माहीत. झालं असं की चीनची तियान छिंग आणि झाओ युनलेई ही जोडी आपल्या ग्रुपात डेन्मार्ककडून हरली आणि दुसरी आली. त्यामुळे चीनची दुसरी जोडी, वर्ल्ड नंबर वन वांग शाओली आणि यू यांग, जर आपला ग्रुप जिंकली असती तर दोन्ही चिनी जोड्या ड्रॉच्या एकाच अर्ध्यात येऊन सेमीलाच भिडल्या असत्या. हरली तर थेट फायनलला भेट. आणि त्या शेवटच्या ग्रुप मॅचला समोर कोण, तर जंग क्युंग-उन आणि किम हा-ना. दोन्ही जोड्या आधीच क्वालिफाय झालेल्या. कोरियाची पण दुसरी जोडी स्पर्धेत होतीच, त्यामुळे पुढे कोण कुणाला भेटणार याचा हिशोब दोन्ही बाजूंना पाठ.

३१ जुलै, वेम्ब्ली अरेना. सर्व्हिस नेटमध्ये, रिटर्न बाहेर, चार शॉटच्या वर रॅली नाही. लोक ओरडायला लागले, रेफ्रींनी येऊन समज दिली. कोरियन जोडी २१-१४, २१-११ अशी "जिंकली". नंतर त्याच संध्याकाळी दुसऱ्या ग्रुपात कोरियाच्या हा जंग-उन आणि किम मिन-जंग विरुद्ध इंडोनेशियाच्या ग्रेशिया पोली आणि मेलियाना जौहरी, तिथे तोच तमाशा, कारण आता जो जिंकेल त्याला क्वार्टरला वांग-यू समोर येणार. रेफ्रींनी काळं कार्ड, म्हणजे थेट बाद केल्याचं कार्ड, काढलं, परत घेतलं, मॅच चालू ठेवली. दुसऱ्या दिवशी आठही मुली स्पर्धेबाहेर. कलमं दोन लावली, जिंकायचा पूर्ण प्रयत्न न करणं आणि खेळाला कमीपणा येईल असं वागणं. कोरियाच्या कोचचं म्हणणं होतं की सुरुवात चिन्यांनी केली. खरं असेल, पण बघा, नेटमध्ये सर्व्हिस मारायला रॅकेट तर आपलीच लागते.

आपल्याला हे जास्त झोंबलं त्याचं कारण वेगळं होतं. त्याच स्पर्धेत आपल्या ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा तीनपैकी दोन मॅच जिंकूनसुद्धा फक्त पॉइंटच्या फरकात, एका पॉइंटने, बाहेर पडल्या. त्यांच्या ग्रुपातल्या जपान-तैवान मॅचबद्दल भारताने तक्रार पण केली होती, ती फेटाळली गेली. म्हणजे एकीकडे एका पॉइंटसाठी रडणाऱ्या मुली आणि दुसरीकडे पॉइंट वाटत सुटलेल्या.

आता इथे मी एक कबुली देतो, नाहीतर तुम्हाला वाटेल सर फार साधू आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जिल्हा पातळीच्या स्पर्धेत असाच लीग फॉरमॅट होता. माझी जोडी आधीच वर गेलेली आणि पहिलं यावं तर सेमीला सगळ्यात तगडी जोडी येणार, दुसरं यावं तर रस्ता सोपा. मी मुलींना बोलावून म्हटलं, "या मॅचला फार जोर लावू नका, दमू नका." शब्द असे निवडले की नंतर कुणी पकडू नये. त्यातली धाकटी, चौदा वर्षांची असेल, तिने सरळ विचारलं, "सर, म्हणजे हरायचं का?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दोघी जिंकल्या आणि मग सेमी हरल्या. मी पंधरा दिवस स्वतःवर चिडलेलो, आणि खरं सांगतो, आधी चिडलो ते सेमी हरल्याबद्दल, लाज नंतर वाटली. म्हणून लंडनच्या त्या बावीस वर्षांच्या पोरीला मी एका ओळीत "चीटर" म्हणत नाही. टीममध्ये कोचचा शब्द म्हणजे काय असतो हे ज्याने सिस्टिम बघितलीये त्याला कळतं. पण निर्दोष पण म्हणणार नाही. चौदा वर्षांची मुलगी विचारू शकते तर बावीसची पण विचारू शकते.

शिक्षा काय झाली तर त्यांच्या असोसिएशनने आधी चौघींना दोन वर्षं बाहेर ठेवायचं ठरवलं, अपिलात ते सहा महिन्यांवर आलं. आणि जागतिक संघटनेने नियम बदलला. ग्रुपात दुसऱ्या आलेल्या जोड्यांना पुढे कुठे टाकायचं ते आता चिठ्ठी काढून ठरतं, आधी माहीत नसतं, त्यामुळे मुद्दाम दुसरं येऊन फायदा काय हेच सांगता येत नाही. माझ्या मते हाच नियम पहिल्या दिवसापासून असता तर ती संध्याकाळ घडलीच नसती. साध्या सोसायटीच्या स्पर्धेत आम्ही चिठ्ठ्या टाकतो हो.

आता पुढची चार वर्षं. इथे तुमच्या मुलीच्या कामाचं खूप आहे.

कोरियात खेळाडू एखाद्या कंपनीच्या नाहीतर नगरपालिकेच्या टीमकडून खेळतात, पगार तिथून. जंग ज्या टीमकडून खेळायची ती जिन्सेंग विकणारी, पूर्वी सरकारी असलेली जुनी कंपनी, केजीसी. तिची २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकची पार्टनर शिन सुंग-चान मात्र सॅमसंगच्या टीमची. म्हणजे दोघी घरी गेल्या की वेगळ्या टीमच्या, देशातल्या स्पर्धेत एकमेकींच्या विरुद्ध पण येऊ शकतात, आणि जोडी म्हणून भेटतात ती नॅशनल कॅम्पमध्ये. तिथे कोच ठरवणार कोण कुणाबरोबर. मैत्रीण आहे म्हणून एकत्र खेळू, हा प्रकारच नाही. आपल्याकडे जोडी बऱ्याचदा आयांच्या ओळखीवर ठरते, एकीकडे गाडी असते, दुसरीचं घर वाटेत असतं. हसू नका, मी अशा निदान दहा जोड्या बघितल्यात.

शिन वयाने जवळजवळ पाच वर्षांनी लहान, डिसेंबर १९९४ ची. आणि ती रिकाम्या हाताने आलेली नव्हती, ली सो-ही बरोबर २०११ आणि २०१२ अशी दोनदा वर्ल्ड ज्युनियर चॅम्पियन झालेली. विचार करा, ज्युनियरला लागोपाठ दोनदा जग जिंकलेली जोडी, आपण असतो तर देव्हाऱ्यात ठेवली असती. त्यांनी काय केलं, तर ती जोडी सोडवली. शिनला दिलं जंगकडे, ली सो-हीला दिलं चांग ये-नाकडे, चांग म्हणजे १९८९ ची, ती पण सीनियर. म्हणजे दोन लहान मुलींना दोन अनुभवी मुली. एका चांगल्या जोडीऐवजी दोन चांगल्या जोड्या तयार झाल्या. ऑलिम्पिकला एका देशाच्या जास्तीत जास्त दोनच जोड्या जातात, आणि दोन्ही रँकिंगमध्ये वर असाव्या लागतात, त्यामुळे हिशोब पक्का होता.

निकाल लगेच दिसला. २०१५ ला डेन्मार्क ओपन जंग आणि शिन जिंकल्या.

मग रिओ. क्वार्टरला नेदरलँड्सच्या मस्केन्स आणि पीक यांना तीन गेममध्ये हरवलं, दुसरा गेम २२-२० ने गेला होता. सेमीला जपानच्या मात्सुतोमो आणि ताकाहाशी, त्यांनी सरळ दोन गेममध्ये धुतलं, १६ आणि १५ वर. पुढे गोल्ड पण त्यांनीच नेलं, फायनलला तिसऱ्या गेममध्ये १९-१६ ने मागे असताना सलग पाच पॉइंट काढून, ती मॅच बघितली नसेल तर आजच बघा. कोरियाची दुसरी जोडी, चांग आणि ली सो-ही, क्वार्टरलाच डेन्मार्ककडून तीन गेममध्ये गेली होती. पुरुषांच्या डबल्समधली त्यांची वर्ल्ड नंबर वन जोडी पण बाहेर. म्हणजे बॅडमिंटनमध्ये कोरियाचा सगळा भार आता या एका ब्राँझच्या मॅचवर.

आणि समोर कोण? चीनच्या तांग युआनतिंग आणि यू यांग. हो, तीच यू यांग. लंडनच्या त्या संध्याकाळी नेटच्या पलीकडे उभी असलेली. लंडननंतर तिने चिडून खेळ सोडतेय असं जाहीर केलं होतं आणि मग परत आली. चार वर्षांनी त्याच दोघी नेटच्या दोन बाजूंना, आणि यावेळी दोघींनाही जिंकायचंच होतं.

जंग-शिन जिंकल्या, २१-८, २१-१७.

तारीख १८ ऑगस्ट २०१६. तुम्हाला आठवत नसेल तर त्याचं कारण सांगतो, त्याच दिवशी सिंधूची ओकुहाराबरोबर सेमी होती आणि अख्खा भारत ती बघत होता. मी पण. ब्राँझची मॅच मी दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग बघितली.

आठ पॉइंटवर ऑलिम्पिकच्या मेडल मॅचमध्ये चिनी जोडी बसते म्हणजे काय. एक तर चिनी जोडी सेमीला डेन्मार्ककडून तीन गेम खेळून, तिसरा १९ वर हरून आलेली, मनाने संपलेली. ब्राँझची मॅच ही मेडलची सगळ्यात विचित्र मॅच असते, नुकतंच तुमचं गोल्डचं स्वप्न मेलेलं असतं आणि तुम्हाला परत शूज घालायचे असतात. जी जोडी सेमीचं मढं लवकर उचलते ती जिंकते. जपानकडून सरळ हरणं कोरियाला इथे उलट बरं पडलं असं माझं मत, घासून हरलं की जास्त लागतं. दुसरं म्हणजे बायकांच्या डबल्समध्ये एका स्मॅशवर पॉइंट क्वचित मिळतो, पुरुषांसारखं तीन फटक्यात खेळ संपत नाही. लिफ्ट, डिफेन्स, परत लिफ्ट, मध्येच एक फ्लॅट ड्राइव्ह, आणि ज्या जोडीचा धीर आधी सुटतो ती नेटवर चूक करते. धीराच्या खेळात दमलेलं मन लगेच उघडं पडतं.

आणखी एक गंमत. १९९२ ला बॅडमिंटन ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हापासून महिला डबल्समध्ये चीनला मेडल मिळालं नाही असं कधीच झालं नव्हतं. रिओला पहिल्यांदा झालं. आणि १९९२ चं पहिलं गोल्ड कुणाचं होतं, तर कोरियाच्याच ह्वांग हे-यंग आणि चंग सो-यंगचं, चीनला फायनलला हरवून. म्हणजे या मुली ज्या कॅम्पमध्ये वाढतात तिथे भिंतीवर असले फोटो असणार. १९९६ ला सिल्व्हर, २००४ ला ब्राँझ, २००८ ला सिल्व्हर, आणि २०१२ ला मेडलच्या जागी हकालपट्टी. जंगने ती तुटलेली साखळी जोडली. लोक याला प्रायश्चित्त वगैरे म्हणतात, मला ते जरा सिनेमा वाटतं. मेडल मिळालं म्हणून लंडन पुसलं जात नाही, आणि लंडन झालं म्हणून मेडल खोटं होत नाही.

रिओनंतर काय झालं ते लोक सांगतच नाहीत, आणि माझ्या लेखी तिच्या करिअरचा सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच. शिन परत ली सो-हीकडे गेली, जुनी ज्युनियरवाली जोडी परत जुळली. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये कोरियाला बॅडमिंटनमध्ये एकही मेडल नाही, चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. सगळी उलथापालथ. अशा वेळी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या खेळाडूला साधारण घरचा रस्ता दाखवतात. जंगने २०१९ मध्ये काय केलं बघा. मार्चमध्ये स्विस ओपन जिंकली, पार्टनर चांग ये-ना, दोघी मिळून साठीच्या जवळ. ऑक्टोबरमध्ये डेन्मार्क ओपन जिंकली, पार्टनर बेक हा-ना, वय एकोणीस! फायनलला समोर चीनच्या छेन छिंगछेन आणि जिया यीफान, पहिला गेम हरून मग दोन काढले. म्हणजे एकाच वर्षात एक समवयस्क पार्टनर आणि एक दहा वर्षांनी लहान पार्टनर, दोघींबरोबर टायटल. आणि डेन्मार्क ओपन तिने २०१५ ला शिनबरोबर आणि २०१९ ला बेकबरोबर जिंकली, स्पर्धा तीच, पार्टनर वेगळी.

पुढच्या, टोकियो ऑलिम्पिकला मात्र ती गेली नाही. दोनच जोड्या जाणार, आणि तिथे ली-शिन आणि किम सो-यंग व कोंग ही-यंग या दोन होत्या. त्यांनी तर ब्राँझची मॅच आपसातच खेळली, किम-कोंग जिंकल्या. म्हणजे जंगची रिओची पार्टनर शिन यावेळी चौथी आली, ब्राँझच्या मॅचमध्ये आपल्याच देशाच्या मुलींकडून हरून. सेमीला ली-शिनना हरवलं होतं ते ग्रेशिया पोलीच्या जोडीने, आणि गोल्ड पण तिचंच. आठवतंय ना हे नाव? लंडनच्या आठ जणींतली. त्या संध्याकाळचे धागे असे कुठे कुठे गेलेत.

आणि जंगबरोबर खेळलेली ती बेक हा-ना? तिला पुढे ली सो-हीच्या जोडीला दिलं. हांगझोऊ एशियन गेम्समध्ये टीम गोल्ड, कोरियाच्या मुलींना ते १९९४ नंतर मिळालं, आणि त्या फायनलला बेक-लीने छेन-जियाला हरवलं. २०२४ ची ऑल इंग्लंड पण बेक आणि ली सो-हीची. ली सो-हीनेच २०१७ ची ऑल इंग्लंड चांग ये-नाबरोबर जिंकली होती. कागद घेऊन कोण कुणाबरोबर खेळली याच्या रेघा ओढा, जाळं होतं नुसतं. लहान असताना मोठीकडून घ्यायचं, मोठं झाल्यावर लहानीला द्यायचं. आपल्याकडे मोठी म्हणते, मी हिला का सांभाळू, माझं रँकिंग पडेल.

आता तुमच्या मुलीचं. कोरियात बदलतात म्हणून बदला, हे अर्धं सत्य आहे. तिथे बदल चालतो कारण सगळ्या जणी एकाच पद्धतीने शिकलेल्या असतात. सर्व्हिसनंतर कोण पुढे राहणार, क्रॉस लिफ्ट गेली की कोण कुठे सरकणार, मधल्या शटलला रॅकेट कुणाची, याची उत्तरं सगळ्यांची सारखी. त्यामुळे नवीन पार्टनर म्हणजे नवीन स्वभाव, नवीन खेळ नव्हे. आपल्याकडे एक मुलगी एका सरांकडून साइड-बाय-साइड, म्हणजे दोघींनी शेजारी-शेजारी उभं राहून खेळणं, शिकून आलेली, दुसरीला तिच्या सरांनी सांगितलेलं की काही झालं तरी नेट सोडायचं नाही, आणि अकादमीवाले म्हणतात जोडी करा. मग मधल्या शटलवर दोन रॅकेटी आपटतात आणि घरी येऊन रडारड.

म्हणून अकादमीला आधी विचारा, का बदलताय. खेळ जुळत नाही, उंची, हात, वेग असं काही कारण देतायत की कुणाच्या तरी वडिलांनी फोन केलाय. कारण खेळाचं असेल तर बदला, आणि नवीन पार्टनर शक्यतो तुमच्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी बघा, सोळाव्या वर्षी मोठीच्या बाजूला उभं राहून जे कळतं ते माझ्यासारखा बाहेर खुर्चीवर बसून ओरडणारा शिकवू शकत नाही. मोठी मिळत नसेल तर निदान सहा महिने तीच जोडी ठेवा, आणि त्यातले पहिले दोन महिने फक्त सर्व्हिस, रिसीव्ह आणि तिसरा शॉट. स्पर्धा नको. पहिल्या चार शॉटमध्ये दोघींना एकमेकींकडे बघावं लागत नाही असं झालं की स्पर्धेला पाठवा. दोन वर्षांत तीन पार्टनर म्हणजे एकीबरोबरही ती तिथवर पोचली नसणार, हा माझा अंदाज, चुकीचा असेल तर आनंदच आहे.

आणि उदाहरण द्यायचं का, तर द्या, पण लंडन गाळून नको. पोरं नेटवर सगळं शोधतात, तुम्ही लपवलंत तर तुमच्यावरचाच विश्वास जाईल. लंडनची ती मॅच आणि रिओची ब्राँझ मॅच एकामागोमाग एक दाखवा, जंग आणि यू यांग दोन्हीकडे त्याच आहेत. मग वेळ मिळाला तर २०२४ पॅरिसची अश्विनी पोनप्पा आणि आपल्या गोव्याची तनिषा क्रास्तो विरुद्ध किम-कोंग ही ग्रुप मॅच पण दाखवा. पहिला गेम १८ पर्यंत नेला आपल्या मुलींनी, दुसरा १० वर गेला. पहिल्या आणि दुसऱ्या गेममध्ये कोरियन मुलींनी नक्की काय बदललं ते मुलीला वहीत लिहायला सांगा, आणि ती वही घेऊन तिला कोर्टवर पाठवा.